चौघांचा एकच गुरुवार

गुरुवार, १३ मार्च १९७५. सकाळी पाऊस, साडेअकराला थांबला. वारा पश्चिमेचा, बेताचा. कॉन एक वाजून दहा मिनिटांनी दुकान बंद करून वर आला. जेवायला बेकन, कोबी आणि बटाटे. दोन वाजता समोर प्रंटींच्या दुकानाचे पडदे वरच होते. तीनपर्यंत अकरा गिऱ्हाइकं आत गेली, त्यांतली चार गावाबाहेरची. सव्वातीनला पॅकी लॅव्हिन मागच्या दारानं आला. टोपी काढली नाही, चहाही घेतला नाही.

माझ्या डायरीत एवढी नोंद त्या दिवशी पुरेशी होती. आता कॉनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन सोळा वर्षं झाली आणि अल्टन प्रंटीला जाऊन चार. ज्यांना ते दिवस आठवतात अशी माणसं आमच्या क्लुनारात, या लहानशा आयरिश गावात, फार उरली नाहीत, म्हणून नीट लिहिते.

त्या काळी गुरुवारी दुपारी एकनंतर मेन स्ट्रीटवर उघडं दुकान दिसत नसे. व्यापारी मंडळाचा १९३८चा ठराव होता. आठवड्यात अर्धी सुट्टी, ती गुरुवारी, आणि सगळ्यांनी मिळून. बँक, खाटीक, न्हावी, आमचं औषधांचं दुकान, सगळं बंद. रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलं तर संध्याकाळपर्यंत त्याला कुणी उठवत नसे.

अल्टन प्रंटी आमच्या समोरचा कापडवाला. उंच, किंचित वाकलेला, हळू बोलणारा. बाप गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यानं दुकानाचं दार उघडलं आणि पुढं एकोणतीस वर्षं ते रोज नऊलाच उघडलं. लग्न केलं नाही. दुकानाची डावी बाजू पुरुषांची, ती तो बघे. उजवी बायकांची, ती त्याची बहीण डिम्प्ना बघे. डिम्प्ना आणि मी कॉन्व्हेंटच्या शाळेत एका बाकावर होतो. शाळेचे गणवेश, मुलींचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे पांढरे झगे, लग्नाचे सूट आणि माणूस गेला की त्याला घालायचा तपकिरी झगा, हे सगळं आम्ही प्रंटींकडून घेत असू. माणूस गावात जन्मला की त्याला निदान चार वेळा तरी त्या दुकानात जावं लागे, आणि चौथ्या वेळी तो स्वतः जात नसे.

अल्टननं स्वतःसाठी कधी काही विकत घेतलेलं कुणाला माहीत नव्हतं. कपडे दुकानातलेच, तेही गिऱ्हाइकानं परत केलेले.

१९६४ साली शेतकी प्रदर्शनात एकानं विमान आणलं होतं. दहा शिलिंगांत दहा मिनिटांची फेरी. अल्टन रांगेत उभा राहिला, फेरी मारून उतरला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढच्या गुरुवारी, दुकान बंद झाल्यावर, पंचेचाळीस मैलांवरच्या फ्लाइंग क्लबात त्यानं नाव घातलं. लायसन मिळायला सहा वर्षं लागली. गुरुवारशिवाय त्याला सवड नव्हती, हिवाळ्यात साडेचारला अंधार पडे, आणि उरलेल्या गुरुवारांपैकी निम्मे पावसात जात. शिकवणारा म्हणायचा, "प्रंटीसाहेब, तुम्हाला आठवतं तेव्हा पाऊस असतो, आणि ऊन पडतं तोवर तुम्ही विसरलेले असता."

क्लबाला जाताना त्याच्या गाडीत तीन जागा रिकाम्या असत. त्या हळूहळू भरल्या. आधी ह्युबर्ट टॅन्सी, घड्याळजी, बारीक चणीचा आणि फार नेटका. मग पॅकी लॅव्हिन. पॅकीचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्याच आवारात शवपेट्या आणि अंत्यविधीचं काम. प्रंटीला येतं ते आपल्याला येत नाही, हे त्याला सोसवत नव्हतं. शेवटी माझा कॉन. तो का गेला ते त्यानं मला सांगितलं नाही. घरी तेव्हा पाच मुलं होती.

पुढं काही वर्षं हे चौघं दर गुरुवारी एका गाडीतून पंचेचाळीस मैल जात आणि येत. चौघांची गट्टी जमली ती तिथंच. १९७१ साली क्लबानं आपलं जुनं चार आसनी विमान विकायला काढलं तेव्हा त्यांनी ते भागीदारीत घेतलं. एकट्याला परवडणारं नव्हतं. चौघांत वाटलं तर एका बऱ्या गाडीएवढं पडत होतं. विमा, वर्षाची तपासणी, शेड, सगळ्याचे चार वाटे. ह्युबर्टनं आमच्या स्वयंपाकघरात बसून घड्याळाच्या खोक्यावर हिशेब मांडला. आठवड्याचे दिवस सात, माणसं चार, म्हणजे प्रत्येकाला विमान पावणेदोन दिवस.

"पावणेदोन दिवस!" पॅकी म्हणाला. "एवढं तर माझी बायकोही मला सोडत नाही."

मी चहा ओतत होते. मलाही तेव्हा काही खटकलं नाही. वास्तविक चौघांची ओळखच मुळी गुरुवारमुळे झाली होती. ज्यांना फक्त गुरुवारी दुपारी सवड असते अशी गावातली चार माणसं अचूक एकत्र आली होती, आणि त्यांनी सात दिवसांचं विमान घेतलं होतं.

विमान गावाबाहेर मॅटी फीरिकच्या लांबट शेतात ठेवलं. मॅटीनं भाडं कमी लावलं, पण अट घातली. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी दिवसभर शेत मेंढ्यांचं. त्यामुळे उन्हाळ्यात दहापर्यंत उजेड असला तरी त्याचा उपयोग नव्हता. शनिवारी दुकानांत पाय ठेवायला जागा नसे. इतर दिवशी कॉनला दुकान सोडता येत नव्हतं, औषधं देणारा दुसरा कुणी नव्हता. ह्युबर्ट दुकानात एकटाच. पॅकीच्या दाराशी कधी कोण मयताची खबर घेऊन येईल याचा नेम नसे. आणि अल्टन गेला तर पुरुषांची बाजू बंद. डिम्प्ना हुशार होती, पण पुरुषाच्या पँटचं माप बाईनं घ्यावं असा विचार क्लुनारात कुणी केला नव्हता, डिम्प्नानंसुद्धा.

कोण कधी विमान नेणार त्याची वही आमच्या दुकानाच्या काउंटरवर असे. आखून मी देत असे. सोमवार कोरा, मंगळवार कोरा, बुधवार कोरा, गुरुवारच्या चौकटीत चार सह्या एकमेकांवर चढलेल्या. वर्षभरानं, कागद वाया जाऊ नये म्हणून, मी नुसते गुरुवार आखू लागले.

आळीपाळी ठरली, प्रत्येकाला महिन्यातला एक गुरुवार. अल्टनच्या वाट्याला पहिला आला आणि १९७३ साली बारापैकी आठ पहिले गुरुवार पावसात गेले. बाकीच्या चार दुपारी मिळून तो सात तास उडाला. गावात विमानाला नाव पडलं, कोंबडी. रोज दाणे खाते आणि महिन्यातून एकदा फडफडते. दुकानात सूट घ्यायला आलेला माणूस हमखास विचारी, "काय अल्टन, कोंबडीनं अंडं दिलं का?" अल्टन म्हणे, "बाहीची लांबी बघू या," आणि माप घेई.

मग पेट्रोल महागलं. विम्याचा हप्ता वाढला. १९७४च्या तपासणीत इंजिनाचा एक सिलिंडर तडकलेला निघाला. नाकापेक्षा मोती जड झाला. जानेवारी ७५मध्ये चौघं पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात बसले.

"विका," पॅकी म्हणाला. "बुधवारी पैसे भरायचे आणि गुरुवारी शेडच्या दारातून पाऊस बघायचा. पाऊस मला घरी फुकट दिसतो."

"गिऱ्हाईक आहे?" ह्युबर्टनं विचारलं.

"लाँगफर्डचा एक जण आहे. जसं आहे तसं न्यायला तयार आहे."

कॉन म्हणाला, "मला काय, बहुमत असेल तसं." कॉनला तोपर्यंत गोल्फ सापडलं होतं.

अल्टननं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मला नाही विकायचं."

"मग आमचे तीन वाटे घे."

"तेवढे पैसे नाहीत."

"मग?"

"भाड्यानं देऊ. सहा दिवस नुसतं उभं असतं. ते सहा दिवस कुणीतरी नेलं तर खर्च निघेल. मला ईस्टरपर्यंत मुदत द्या. नाही जमलं तर विका, मी सही करीन."

"अरे पण एवढा हट्ट कशाला?" पॅकी म्हणाला. "अठ्ठेचाळिशीला आलास. एक चांगला कोट घे त्या पैशांत."

"कोट आहे," अल्टन म्हणाला. "दुसरं काही मला कधी घ्यावंसं वाटलं नाही, पॅकी. हे एक वाटलं."

त्याला ईस्टरपर्यंतची मुदत मिळाली.

अल्टननं पद्धतशीर शोध घेतला. शेजारच्या गावांची अर्धी सुट्टी आमच्या दिवशी नसते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. एका गावची बुधवारी, दुसऱ्याची सोमवारी. त्या गावांतून लायसन असलेली माणसं त्यानं हुडकली. बुधवारच्या गावचा दाताचा डॉक्टर तीनदा आला, मग त्याच्या बायकोनं बंद केलं. सोमवारचा कुणी मिळालाच नाही. फेब्रुवारी संपता संपता कॅप्टन डेलमेजचं पत्र आलं. हे गृहस्थ मोठ्या विमानांवर नोकरी करत आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना उडायला शिकवत. त्यांच्याजवळ नऊ विद्यार्थी होते आणि विमान नव्हतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आठवड्यातून एक दिवस, वर्षभर, ठरावीक भाडं. आकडा ह्युबर्टनं दोनदा वाचला. विमा, शेत आणि सिलिंडर, सगळा खर्च त्यात निघत होता.

मात्र कॅप्टनसाहेबांची सुट्टी गुरुवारी असे.

"देऊन टाका," पॅकी म्हणाला. "पैसे येतायत ना? मग तो त्यावर बसून चंद्रावर जाईना का."

कॉनची हरकत नव्हती. ह्युबर्टची नजर कमी होत चालली होती, त्याचीही नव्हती. विमान वाचलं. फक्त ज्यानं ते वाचवलं त्याला आता ते उडवायला दिवस उरला नाही.

अल्टननं कुणाला विचारलं नाही. दुकानाच्या दारावर एक कागद लावला: अर्धी सुट्टी आजपासून मंगळवारी. गुरुवारी दुकान सहापर्यंत उघडं राहील.

पहिला गुरुवार सहा मार्चचा. वर्ग सुरू झाले तसे ते बघायला लोक मोटारींतून शेतावर आले. विद्यार्थ्यांच्या बायका आल्या, मुलं आली. मॅटीच्या शेतात घोट्यापर्यंत चिखल. लोक पाय झटकत गावात परतत, तर सगळा रस्ता बंद आणि एक दुकान उघडं. ते आत जात. अल्टननं त्यांच्यासाठी गमबूट मागवून ठेवले होते.

डायरीत लिहिलेला तेरा तारखेचा गुरुवार हा दुसरा. पॅकी आमच्या मागच्या दारात उभा होता, तोंड लाल.

"गमबूट! मिसेस ब्रॉफी, कापडवाला गमबूट विकतोय! सहा जोड गेले, मी मोजलेत. माझ्या दुकानात चाळीस जोड टांगलेत आणि मी दार लावून आत बसलोय."

"मग उघड की दार," कॉन वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"आणि ठराव? मी मंडळाचा अध्यक्ष आहे!"

"मग बसून राहा."

"तुला हसायला येतंय, कॉन. उद्या तो खोकल्याचं औषध ठेवील, मग बघू."

कॉननं वर्तमानपत्र खाली केलं. "औषध नाही ठेवता येणार त्याला. कायदा आहे."

"पण त्याला गुरुवार तुम्हीच सोडायला लावला ना?" मी विचारलं. "भाडं तुमच्याही वाट्याला येतं."

"भाडं वेगळं, मिसेस ब्रॉफी. दुकान वेगळं." पॅकी हे मनापासून बोलत होता, आणि तसाच निघून गेला.

ईस्टर तीस मार्चला होता. त्यानंतरच्या बुधवारी हॉटेलच्या जेवणघरात मंडळाची सभा भरली. मी नव्हते, कॉननं सांगितलं तसं लिहून ठेवलं आहे. बावीस जण हजर. पॅकीनं ठराव वाचला. अल्टननं उभं राहून सांगितलं की अर्धी सुट्टी मीही घेतो, फक्त दुसऱ्या दिवशी घेतो.

"सगळ्यांनी आपापला दिवस धरला तर सुट्टी कसली?" खाटीक म्हणाला. "मग एक जण तरी नेहमी उघडा, आणि बाकीच्यांना धाक."

हे खोटं नव्हतं. अल्टननंही ते मान्य केलं, असं कॉन म्हणाला.

पॅकीनं मग खरं अस्त्र काढलं. "गुरुवारी दुकान बंद झालं नाही, तर मयतांचे झगे मी डब्लिनहून मागवीन. आगगाडीनं येतात. स्वस्तही पडतात."

सूट माणूस पुढं ढकलतो, झगा ढकलता येत नाही. प्रंटींच्या दुकानाचं वर्ष त्या झग्यांवर तरत असे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ह्युबर्ट टेबलाकडे बघत होता. कॉननं स्वतःबद्दल मला एवढंच सांगितलं की त्याला त्या वेळी खोकला आला.

"मंडळाचा मान राखतो," अल्टन म्हणाला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, एक वाजता प्रंटींचे पडदे खाली आले. दोन वाजता अल्टन आणि डिम्प्ना दोघं आमच्याकडे आले. अल्टनच्या हातात पाकीट होतं. ते त्यानं कॉनपुढं ठेवलं.

"माझा पाव हिस्सा विकायचाय, त्याचा कागद. लाँगफर्डच्या माणसाला विचारा, नाहीतर डेलमेजना. वहीजवळ लावून ठेवा, म्हणजे कुणी ना कुणी बघेल."

"असं एकदम?" कॉन म्हणाला.

"जे उडवता येत नाही त्याचा हप्ता किती दिवस भरायचा? गुरुवार शिकाऊंचा, गुरुवारची सुट्टी मंडळाची. उरलेल्या दिवशी मला दुकानात असायला हवं."

डिम्प्नानं पाकीट उचललं, उघडलं, वाचलं. मी चहा ठेवला होता. तिनं कागद घडी घालून आपल्या पिशवीत टाकला.

"मंगळवारी दुपारी तू जा," ती म्हणाली. "दुकान बंद करायचं नाही. मी आहे."

"आणि पुरुषांची बाजू?"

"तीही दहा पावलांवरच आहे. चालत जाईन."

"माप कोण घेईल, डिम्प्ना?"

"मी."

"पायाचं आतलं?"

"आतलं, बाहेरचं, जे असेल ते."

कॉनचा चहा बशीत सांडला. अल्टनच्या कानापर्यंत लाली चढली. "अगं, गाव काय म्हणेल?"

"गावाला काय, ते विमानालाही कोंबडी म्हणतंच आहे. एकोणीस वर्षं मी पॅकी लॅव्हिनकडच्या मयतांना झगे बेतून देतेय. उंच असला, पोट असलं, की मलाच तिकडे बोलावतात. अर्ध्या परगण्यातले बाप्ये मी मापलेत. एकानंही तक्रार केली नाही."

"ते मेलेले असतात!"

"म्हणूनच अवघड जातं. जिवंत माणूस निदान सरळ उभा राहतो."

मला हसू आलं. अल्टनला आलं नाही. तो म्हणाला, "कुणी येणार नाही."

"नाही आले तर एका दुपारची विक्री बुडेल. त्यापेक्षा जास्त पैसे तू गेली चार वर्षं विमानापायी पावसात बुडवलेस." मग तिनं हात पुढं केला. "पण डाव्या बाजूच्या गल्ल्याची किल्ली माझ्याजवळ राहील. मंगळवारपुरती नव्हे, कायमची. एकोणतीस वर्षं मी तिकडची सुटी नाणी तुझ्याकडून मागून घेतेय."

हे मला माहीत नव्हतं. रोज भेटणाऱ्या बाईबद्दलही कधी कधी काही माहीत नसतं. अल्टन खुर्चीतून उठला. मग त्यानं खिशातून जुडगा काढला आणि त्यातली एक किल्ली सोडवायला लागला. कडी घट्ट होती. कॉननं औषधाच्या बाटल्या उघडायचा चिमटा आणून दिला.

पहिला मंगळवार, आठ एप्रिल, दिवसभर पाऊस. अल्टन शेतावर जाऊन शेडमध्ये बसला आणि सहाला परत आला. दुकानात दोन पुरुष आले. एकानं डिम्प्नाला पाहून वेळ विचारली, दुसऱ्यानं एक रुमाल घेतला. गल्ल्यात एवढंच.

दुसरा मंगळवार पंधरा एप्रिलचा. ऊन, वारा हलका. अल्टन दुपारी एक वाजताच निघाला. अडीचला मी वरच्या खिडकीशी शिवत बसले होते तेव्हा पॅकी लॅव्हिन आपल्या दुकानातून बाहेर आला. लांब कोट घातला होता, उन्हात. तो प्रंटींच्या दारावरून पुढं गेला, परत आला, पुन्हा गेला. चौथ्या फेरीला आत शिरला. पुढचं डिम्प्नानं त्याच संध्याकाळी सांगितलं.

"अल्टन आहे?"

"वर आहे, मिस्टर लॅव्हिन. उडतोय. काय हवं?"

"काळी पँट. अल्टनलाच… उद्या येतो."

"उद्या अकराला टिअर्नींची मयत आहे. तुम्हीच नेणार ना? आज हवी असेल."

पॅकीनं कोट दाबून धरला. सकाळी पेटी उचलताना मागची शिवण पार गेली होती. त्यानं बायकोला पाठवायचं बघितलं होतं. ती म्हणाली, पँट तुझी आहे, तू जा.

"मापाची गरज नाही," पॅकी म्हणाला. "कंबर छत्तीस."

"छत्तीस तुमच्या लग्नात होती. मीच बटणं लावली होती. उभे राहा."

"मिस प्रंटी, हे काही बरं दिसत नाही."

"फाटकी पँट घालून पेटीमागून चालणं बरं दिसतं का? पाय बाजूला घ्या. उजवा."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डिम्प्ना म्हणाली, मयतसुद्धा इतकी ताठ नसते. मध्येच वरून इंजिनाचा आवाज आला आणि पॅकीनं मान वर केली.

"त्यात पाव हिस्सा माझा आहे," तो म्हणाला.

"हलू नका. पाव तुम्ही वर आहात, उरलेले इथं खाली, त्यांचं माप चाललंय. कंबर बेचाळीस."

"अडतीस लिहा."

"टेपवर असतं ते मी लिहिते. पाचला या, लांबी कमी करून ठेवते."

त्यानं पैसे दिले. डिम्प्नानं किल्ली लावून गल्ला उघडला आणि सुटे परत दिले. पाचला तो आला, पडद्यामागं जाऊन पँट चढवून पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाला, "बरी बसलीय." मग दारातून मागं वळला. "टिअर्नीचा झगा अजून मागवलेला नाही मी. मोठा माणूस होता. तुम्हीच या बघायला, सातला."

"येते," डिम्प्ना म्हणाली. डब्लिनचा विषय दोघांनी काढला नाही, आणि पुढंही कुणी काढला नाही.

पॅकीनं माप दिलं ही बातमी रात्रीपर्यंत गावभर झाली. पुढच्या मंगळवारी तीन जण आले. वर्षभरानं काही पुरुष मुद्दाम मंगळवारीच येऊ लागले, कारण डिम्प्ना खरं माप घेते आणि पँट वर्षभर टिकते. गुरुवारी दुकान बंदच राहिलं आणि गमबूट पॅकीकडे गेले. अल्टन त्यानंतर सोळा वर्षं मंगळवारी उडाला. कुठं लांब गेला नाही. नदीवरून तळ्यापर्यंत, तळ्याला वळसा घालून परत. डेलमेजांच्या भाड्यातून सिलिंडर झाला, नंतर नवा पंखाही झाला. उरलेल्या तिघांपैकी कुणीच आपला वाटा विकला नाही. उडत मात्र कुणी नव्हतं.

त्या पंधरा एप्रिलला अल्टन सव्वासहाला आमच्याकडे वही भरायला आला. एक तास पन्नास मिनिटं, असं त्यानं लिहिलं. कॉननं विचारलं, कसं होतं? "तळ्यावर वारा जरा आडवा होता," तो म्हणाला आणि जेवायला घरी गेला.

विमानाचं वहीत होतंच, म्हणून त्या संध्याकाळी मी डायरीत शेवटची ओळ लिहिली ती अशी: स्वयंपाकघराच्या धुराड्यातून काड्या आणि काजळी पडली, कावळ्यांनी घरटं केलं आहे; धुराडं साफ करणारा शुक्रवारी साडेनऊला येईल, तोवर वरच्या खोलीतली शेगडी वापरायची.